चिनी गुलाबाची मूळकूज : मृगाआधीची तयारी आणि कूज लागल्यावरचे उपाय

मे महिन्यात नर्सरीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात रंगीत रोप कोणतं, तर चिनी गुलाब. पोर्टुलाका, ऑफिस टाइम अशा नावांनीही तो विकला जातो. ऊन चढलं की फुलं उमलतात, दुपार कलली की मिटतात. जमिनीलगत पसरत जाऊन थोड्याच दिवसांत तो अख्खा वाफा झाकून टाकतो. कडक उन्हाची त्याला फिकीर नसते, एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तरी तो कोमेजत नाही. म्हणून नव्याने बाग करणारे बरेच जण त्याच्यापासून सुरुवात करतात. आणि जुलैअखेर त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला एकच दृश्य येतं: पानं पिवळी पडून गळलेली, बुंधा काळपट झालेला, फांदी नुसती उचलली तरी सुटून हातात येते. मग 'हे झाड पावसात टिकतच नाही' असं ठरवून कुंडी रिकामी केली जाते.

पावसात हे झाड टिकतं. त्यासाठी लागणारं बहुतेक काम मात्र एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आधी करून ठेवावं लागतं. बुरशीनाशकाचा नंबर त्यात अगदी शेवटी लागतो. पहिला नंबर मातीतल्या हवेचा.

मुळं का कुजतात

चिनी गुलाब मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनातल्या कोरड्या, वाळूमय जमिनीत तो रानोमाळ वाढतो. आपल्या घोळीच्या भाजीचा तो जवळचा नातलग, दोघंही पोर्टुलाका याच प्रजातीतले. घोळीसारखीच त्याची पानं आणि खोड मांसल, पाणी साठवून ठेवणारं. मुळं बारीक असतात आणि मातीच्या वरच्या थरातच पसरतात. अशा झाडाला पाणी थोडं पुरतं, हवा मात्र भरपूर लागते.

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यातल्या हवेतूनच मुळं श्वास घेतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोहोचेनासा होतो, कारण हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. संततधारेत माती चार-पाच दिवस तुडुंब राहिली की बारीक मुळांची टोकं मरू लागतात. रोग येतो तो यानंतर. मातीत आधीपासून असलेल्या बुरशा आणि बुरशीसारखे जीव या दुबळ्या मुळांवर चढतात.

त्यांची तोंडओळख असू द्या, कारण पुढे उपाय ठरवताना उपयोगी पडते. पिथियम आणि फायटोप्थोरा हे दोन जीव पाण्याचे सोबती. त्यांचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात आणि एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. रायझोक्टोनिया ही खरी बुरशी. ती मातीच्या पातळीवर खोडाला धरते. चौथी स्क्लेरोशियम. भुईमूग आणि हरभरा करणारे शेतकरी तिला चांगलं ओळखतात: बुंध्याभोवती पांढरे तंतू आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी गोल दाणे. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून ती सगळ्यात चिवट.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. मुळं मेली की झाडाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे ओल्या मातीतही ते माना टाकतं. नवखा माणूस त्याला तहान समजतो आणि वरून आणखी पाणी घालतो. चिनी गुलाब सगळ्यात जास्त मरतात ते या एका गैरसमजामुळे.

जागा निवडताना

पहिली अट उन्हाची. रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत तो जगतो, पण फांद्या लांब आणि पिचपिचीत होतात, फूल धरत नाही, आणि माती वाळायला वेळ लागतो तो वेगळाच.

दुसरी अट पागोळ्यांची. कौलांच्या, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या कडेखाली जिथे पावसाचं पाणी सारखं एका रेषेत पडतं, तिथे हे झाड लावूच नका. पागोळ्यांनी माती ठोकली जाते, बुंधा उघडा पडतो आणि चिखल उडून पानांना लागतो. त्या चिखलातूनच रोग वर चढतो. एसीची नळी जिथे ठिबकते ती जागाही अशीच.

तिसरी गोष्ट म्हणजे बागेतली नैसर्गिक ओल. काही कोपरे बारा महिने ओले राहतात: नळाजवळ, टाकीच्या उताराला, भिंतीच्या उत्तरेला. तिथे चिनी गुलाबासाठी मातीशी झगडत बसण्यात अर्थ नाही. त्या कोपऱ्यात ब्राह्मी किंवा मंडूकपर्णी लावा. दोन्ही जमीन झाकतात आणि दोघींना ओलच लागते.

जमिनीत लावणार असाल तर

आधी निचरा तपासा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. हे पहिलं पाणी पूर्ण जिरू द्या, कारण कोरडी माती सुरुवातीला भसाभस पाणी पिते आणि अंदाज चुकतो. मग पुन्हा भरा, काठावर एक काठी आडवी ठेवा आणि तासाभराने पाणी किती खाली गेलं ते मोजा. तासाला एक इंच, म्हणजे अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उतरलं तर जमीन ठीक आहे. त्याहून कमी उतरलं तर सपाट जमिनीत चिनी गुलाब लावू नका, गादीवाफा करा.

देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात जिथे काळी माती आहे तिथे ही चाचणी बहुतेक वेळा नापासच होते. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार असतं. पाणी मिळालं की ती फुगते, पोकळ्या मिटतात; उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. अशा मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळली की काम झालं असं पुष्कळ लोक सांगतात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. थोडी बारीक वाळू चिकणमातीच्या कणांमध्ये रुतून बसते आणि माती वाळल्यावर आणखी घट्ट होते. उपयोग व्हायचा तर वाळू निम्म्याहून जास्त लागते, म्हणजे खरं तर मातीच बदलावी लागते. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. त्याने मातीचे कण एकत्र येऊन रवाळ होतात आणि मधे पोकळ्या राहतात. जिप्समचाही सल्ला मिळतो. तो खारवट-चोपण जमिनीत लागू पडतो, साध्या काळ्या मातीत त्याने फारसा फरक पडत नाही.

कोकणात आणि गोव्यात गोष्ट उलटी. जांभ्याची तांबडी माती पाणी सोडते छान, पण वरून येणारं पाणीच इतकं की तिलाही उसंत मिळत नाही. शिवाय ही माती आम्लधर्मी, आणि स्क्लेरोशियमला आम्लधर्मी माती मानवते. लावणीआधी दोन-तीन आठवडे चौरस मीटरला मूठ-दोन मुठी शेतीचा चुना मिसळला तर मदत होते. काळ्या मातीत मात्र चुना घालू नका, तिच्यात तो आधीच पुरेसा असतो.

सोसायट्यांच्या आवारात तिसराच प्रकार दिसतो. वरची सहा इंच माती आणून टाकलेली आणि खाली दाबून बसवलेला मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा. वरून माती सुरेख दिसते, पाणी मात्र मुरमावर अडून बसतं. निचऱ्याच्या खड्ड्यात हे लगेच कळतं, म्हणून ती चाचणी टाळू नका.

गादीवाफा असा करा. जमीन फूटभर खणून ढेकळं फोडा. चौरस मीटरला एक ते दीड घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. पूर्ण कुजलेलं म्हणजे काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्चं शेणखत आणि अर्धवट कुजलेला पालापाचोळा म्हणजे स्क्लेरोशियमला आयतं अन्न. मग आजूबाजूची माती ओढून वाफा १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. वरचा भाग अगदी सपाट न ठेवता मधे किंचित फुगीर ठेवा, म्हणजे पाणी कडेला उतरेल. कडेने वीतभर खोल चर काढा आणि त्याला बाहेर जायला वाट करून द्या. ही वाट बरेच जण विसरतात. चर दोन्ही टोकांना बंद असेल तर तो पाणी साठवायचं काम करतो आणि वाफा खालून भिजत राहतो.

रोपांमध्ये वीतभर अंतर ठेवा. वाफा झटपट भरावा म्हणून दाटीवाटीने लावण्याचा मोह होतो, पण दाट गालिच्याखाली वारा शिरत नाही आणि माती दिवसेंदिवस ओली राहते. बुंध्याभोवती नारळाच्या शेंड्या, भुसा किंवा पाचोळ्याचं आच्छादन घालू नका. बाकीच्या झाडांना ते गुणकारी असलं तरी चिनी गुलाबाला नको. काही घालायचंच असेल तर बारीक खडीचा पातळ थर घाला.

कुंडीत लावणार असाल तर

कुंडीतला सगळ्यात मोठा गैरसमज तळाला घातलेल्या खडीचा. खाली खडी घातली की निचरा सुधारतो असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात बारीक माती आणि जाड खडी यांच्या सीमेवर पाणी थांबतं; वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते खाली उतरत नाही. म्हणजे ओला थर तळातून उचलून मुळांच्या आणखी जवळ आणला जातो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये इतक्यापुरता. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाने भरा.

मिश्रणात दोन भाग बागेची माती, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग जुनं कंपोस्ट किंवा गांडूळखत घ्या. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते, पण आधी चाळून तिच्यातली पावडर काढून टाका, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा कोळशाचे तुकडे मिसळले तर उत्तम. कोकोपीट मात्र आवरा. नर्सरीतली रोपं बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये असतात, कारण ते हलकं आणि स्वस्त. उन्हाळ्यात ते ठीक चालतं, पण पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं. आणलेलं रोप लावताना मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने जमेल तेवढं मोकळं करून मगच लावा. तसाच गोळा ठेवला तर आजूबाजूची माती वाळते आणि मधला गोळा ओला राहतो.

उथळ ट्रे आणि टांगत्या कुंड्यांबाबत एक सूचना. कुंडी उंच असो की बुटकी, निथळल्यानंतरही तळाशी ओल्या मातीचा जवळपास सारख्याच जाडीचा थर राहतो. बुटक्या कुंडीत तो थर मुळांच्या बराच वर येतो. त्यामुळे कुंडी जितकी उथळ, तितकं मिश्रण जास्त जाड, जास्त वाळूचं हवं. भोकं किमान चार-पाच असावीत आणि कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून तळ जमिनीपासून उचललेला असावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खालच्या थाळ्या काढून ठेवा. खिडकीच्या ग्रिलमध्ये खालच्या घराच्या तक्रारीमुळे थाळी काढता येत नसेल, तर प्रत्येक सरीनंतर ती ओतून टाकायची सवय लावून घ्या.

पाणी कधी घालायचं

शेतकऱ्याचा 'वाफसा' हा शब्द कुंडीलाही लागू होतो. मातीत ओल आहे पण ती हाताला चिकटत नाही, मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला की फुटतो, ही वाफशाची स्थिती. चिनी गुलाबाला वाफसा संपून माती कोरडी व्हायला लागली की मगच पाणी द्या. बोट दोन पेरं आत घालून पाहा. आत ओल लागली तर आज पाणी नको. कुंडी असेल तर उचलून तिचं वजन बघण्याची सवय लावा. आठवडाभरात हाताला अंदाज येतो.

उन्हाळ्यात पाणी सकाळी, बुंध्याशी, एकदाच आणि भरपूर, तळातून बाहेर येईल इतकं. रोज संध्याकाळी थोडं थोडं शिंपडण्याची पद्धत वाईट, कारण पानं आणि बुंधा रात्रभर ओले राहतात. पाऊस लागला की पाणी पूर्ण बंद. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर बोटाची चाचणी करून ठरवा. पावसाळ्यात डाळ-तांदळाचं पाणी, ताक, चहाचा चोथा, भाज्यांच्या सालींचं पाणी यातलं काहीही घालू नका. ओल्या मातीत हे सगळं सडतं, उरलेला ऑक्सिजनही तेच खाऊन टाकतं. युरियासुद्धा नको, त्याने फांद्या लुसलुशीत होतात आणि रोगाला लवकर बळी पडतात.

रोहिणीत घ्यायची कटिंग

हे काम तुमचा खरा विमा आहे, म्हणून ते चुकवू नका. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, त्यानंतर दोन आठवड्यांत मृग. या दोन आठवड्यांत प्रत्येक रंगाच्या निरोगी झाडाची पाच-सहा टोकं कापून वेगळ्या छोट्या कुंडीत लावून ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांना मुळं फुटलेली असतील. ही कुंडी पावसाचं पाणी थेट लागणार नाही पण उजेड आणि वारा मिळेल अशा जागी ठेवा: खिडकीच्या छज्जाखाली, गॅलरीच्या आतल्या कडेला. बाहेरचं सगळं कुजलं तरी तुमचा रंग तुमच्याकडे शिल्लक राहतो.

याच सुमारास मोठ्या झाडाची छाटणी करा. वाढलेल्या फांद्या निम्म्याने कमी करा, खालची पिवळी पानं आणि गळलेली फुलं वेचून काढा. वाफ्यात आपोआप उगवलेली घोळ असेल तर तीही उपटा. खोड काळं पाडून कुजवणारी डायकोटोमोफ्थोरा नावाची एक बुरशी घोळ आणि चिनी गुलाब दोघांनाही होते. उपटलेली घोळ निरोगी असेल तर भाजीला घ्या.

ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर हीच वेळ. ही रोगकारक बुरशांना खाणारी, त्यांची जागा अडवणारी उपकारक बुरशी आहे. ती रोग येण्याआधी मातीत स्थिरावलेली असली तर उपयोगी. कुजलेल्या झाडाला जिवंत करण्याची ताकद तिच्यात नाही. १० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, पाणी शिंपडून ओलसर करा, सावलीत गोणपाटाने झाकून आठवडाभर ठेवा, मधे एकदा-दोनदा खालीवर करा. शेणखतावर हिरवट-पांढरी वाढ दिसली की ते तयार झालं. कुंडीला मूठभर, वाफ्याला चौरस मीटरला किलोभर पुरतं. पाकिटावरची मुदत बघून घ्या. ट्रायकोडर्मा जिवंत असतो आणि दुकानात उन्हात पडलेलं जुनं पाकीट निरुपयोगी ठरतं.

कूज लागली हे कसं ओळखायचं

जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी वाकून बुंधा बघा. वरून फुलं दिसत असतात तोवर खाली काय चाललंय ते कळत नाही.

झाड मलूल दिसलं की प्रथम मातीत बोट घाला. माती कोरडी, कुंडी हलकी, पानं सुरकुतलेली पण खोड टणक, तर ती तहान आहे. पाणी द्या, संध्याकाळपर्यंत तरतरी येईल. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं तपासलीच पाहिजेत. एक फांदी बुंध्याशी धरून अलगद ओढा. निरोगी झाड विरोध करतं. कुजलेलं सहज वर येतं.

आता मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा दुधाळ आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी-काळी, बुळबुळीत, आंबूस वासाची. मूळ दोन बोटांत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी सुटून आत नुसता दोरा उरला तर संशय पिथियमवर. खोडावर मातीच्या पातळीला लालसर-तपकिरी, कोरडा, खोलगट डाग असेल आणि खालची मुळं बऱ्यापैकी शाबूत असतील तर रायझोक्टोनिया. पांढरे तंतू आणि तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम, तिथे शंकेला जागाच नाही.

मुळांवर पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर मात्र थांबा आणि नीट बघा. काडीने हलवल्यावर बारीक किडे सरकताना दिसले तर तो मुळांवरचा मिलीबग, त्याचा उपाय वेगळा. फक्त खालच्या जुन्या फांद्या उघड्या आणि काटकुळ्या झाल्या असतील आणि टोकं हिरवीगार असतील तर ते वयामुळे, रोगामुळे नव्हे.

कूज लागल्यावर काय करायचं

त्याच दिवशी कुंडी पावसाबाहेर आणि बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा. तिचं निथळलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका.

मग मुळं वाचवायची की टोकं, हा निर्णय घ्या. गुलाब किंवा जास्वंद असतं तर मी मुळं धुऊन, छाटून ते झाड वाचवायचा प्रयत्न करा म्हटलं असतं. चिनी गुलाबाच्या बाबतीत तो वेळ वाया जातो. त्याच्या टोकांना इतक्या सहज मुळं फुटतात की आजारी बुंध्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सगळी मेहनत टोकांवर घ्या.

कात्री स्पिरिटने पुसा. फांदीच्या टोकाकडून चार बोटं, साधारण ७ ते ८ सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा. कापलेली बाजू निरखून पाहा. ती आतून स्वच्छ, हिरवट-पांढरी हवी. मधे तपकिरी ठिपका किंवा कडी दिसली तर आणखी वर कापा, आणि प्रत्येक कापानंतर कात्री पुन्हा पुसा. अगदी शेवटपर्यंत तपकिरी रंग जात नसेल तर ती फांदी टाकून द्या, दया दाखवू नका.

तुकड्यांची खालची पानं आणि सगळ्या कळ्या काढा. कळ्या काढायचं जिवावर येतं, पण त्या राहिल्या तर झाड मुळं सोडून फुलाच्या मागे लागतं. तुकडे कागदावर पसरून सावलीत रात्रभर ठेवा. जखम सुकून वर पापुद्रा धरला की त्यातून बुरशी आत शिरत नाही. दालचिनीची पूड किंवा हळद लावायची असेल तर जरूर लावा. जखम सुकायला थोडी मदत होते, अपाय काही नाही.

दुसऱ्या दिवशी नवी कुंडी, नवं मिश्रण. यात वाळू निम्मी घ्या, खत अजिबात नको. तुकडे दोन-अडीच सेंटीमीटर खोल खोचा, बाजूची माती दाबा, एक दिवस तसेच कोरडे ठेवा आणि मग अगदी हलकं पाणी द्या. वरून प्लॅस्टिकची पिशवी किंवा बाटली झाकू नका. ही युक्ती इतर रोपांसाठी आहे, मांसल झाडं त्यात सडतात. उजेड भरपूर, पाऊस नाही, वारा आहे अशी जागा द्या. एक-दोन आठवड्यांत टोकाला नवी पानं दिसली की मुळं धरली असं समजा.

वाफ्यात गोलाकार ठिगळासारखा भाग मेलेला दिसला तर त्याच्या कडेपासून आणखी वीतभर निरोगी दिसणारी झाडंही काढा. रोग नेहमी डोळ्याला दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो. स्क्लेरोशियमचे दाणे दिसले तर त्या ठिकाणची १० ते १५ सेंटीमीटर माती फावड्याने उचलून थेट पिशवीत भरा आणि कचऱ्यात द्या. ती घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका; घरचा ढीग हे दाणे मरतील इतका तापत नाही. उरलेल्या वाफ्याचा चर साफ करा, अडलेलं पाणी बाहेर काढा.

रिकाम्या कुंड्या घासून धुवा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवा, स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. जुनी माती पुन्हा चिनी गुलाबाला वापरू नका.

बुरशीनाशकं, आणि त्यांची मर्यादा

दुकानात गेलात की समोर बहुधा कार्बेन्डाझिमचं पाकीट येतं. रायझोक्टोनियावर ते चालतं, लिटरला एक ग्रॅम घेऊन आळवणी करतात, म्हणजे द्रावण बुंध्याशी मातीत ओततात. पण पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या बुरशा नाहीत, त्यांच्यावर कार्बेन्डाझिमचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असं मिश्र औषध मिळतं, लिटरला दोन ग्रॅम. नक्की काय झालंय ते कळत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम हा सर्वसाधारण पर्याय आहे. स्क्लेरोशियमसाठी घरच्या बागेत मी औषधाकडे जाणार नाही, माती उचलून टाकणं हाच खात्रीचा मार्ग.

ही आळवणी बाजूच्या, अजून निरोगी असलेल्या झाडांसाठी असते. कुजलेलं मूळ कुठल्याही औषधाने परत येत नाही. आणि माती आधीच चिखल झालेली असताना वरून दोन लिटर द्रावण ओतणं म्हणजे आजारात भर. उघडीप बघून, माती वाफशावर आल्यावरच आळवणी करा. हातमोजे आणि मास्क घाला, पाकिटावरची सूचना वाचा, मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा. त्या वाफ्यात कोथिंबीर, पुदिना, घोळ असं खाण्याचं काही असेल तर रसायन वापरूच नका. ट्रायकोडर्मा आणि ही औषधं एकत्र देऊ नका, मधे किमान पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर औषध त्यालाच मारतं.

पाऊस गेल्यावर

परतीचा पाऊस ओसरला की आडोशाला ठेवलेली कटिंग हळूहळू उन्हात आणा. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग पूर्ण दिवस. ऑक्टोबरमध्ये ती वाफ्यात लावता येतात, आणि थंडी पडायच्या आत वाफा भरून येतो.

जिथे कूज झाली होती तो तुकडा मात्र इतक्यात वापरू नका. तिथे हिवाळ्यात झेंडू किंवा दुसरं काही लावण्यापेक्षा जागा मोकळी ठेवा, कारण स्क्लेरोशियमला झेंडूही चालतो. एप्रिल-मेमध्ये ती माती उन्हाने तापवून घ्या: खणून, पाणी देऊन, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून पसरा आणि चारी कडा मातीत गाडून बंद करा. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतःच तापतं आणि मातीपर्यंत उष्णता कमी पोहोचते. चार ते सहा आठवडे हात लावू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हा उपाय फार चांगला लागू पडतो, मुंबईत ढगाळ मे असेल तर सहा आठवडे पूर्ण होऊ द्या. प्लॅस्टिक काढल्यावर माती खोलवर उलटू नका, वरचा तापलेला थरच स्वच्छ झालेला असतो. त्यातच ट्रायकोडर्माचं शेणखत मिसळा, गादीवाफा पुन्हा उंच करा आणि रोहिणीची कटिंग तिथे लावा.